बिब्ब्याची टरफलं कुनाची

एका जंगलात एक शेकरू राहत व्हती. कुठलं जंगल ते इचारू नका. सांगितलं तर उद्या सकाळी तुमी तिथं जाऊन तिच्या झाडावर दगड मारत बसाल, मला तुमची जात ठाऊक हाय. शेकरू म्हंजे खारीची थोरली भैन. तांबूस अंग, हातभर शेपूट, आन् बसली की अशी ऐटीत बसनार, जसं काय रान हिनंच लावलंय.

तिचा धंदा गोडंबीचा. बिब्बा फोडला की आत पांढरा गर निघतो, ती गोडंबी. एक खाल्ली की दुसरीसाठी मानूस खोटं बोलतो, अशी तिची चव. पन वरचं टरफल मोठं खवचट. त्याच्या पोटात काळं, चिकट तेल असतं. ते अंगाला लागलं की बिब्बा उततो. आधी खाज, मंग फोड, मंग फोडाचं पानी, आन् ते पानी जिथं वघळंल तिथं पुन्यांदा फोड. बिब्बा उतलेला मास्तर तुमच्यातल्या कुनी बघितलाय का? मी बघितलाय. कसा काय, ते राहू द्या.

शेकरू कामात शानी. वनव्यात जळालेल्या उतारावरनं राख आनायची, दोन्ही पंजांना कोपरापतुर चोळायची, बिब्बा दगडाच्या फटीत उभा अडकवायचा आन् वरनं एकच घाव घालायचा. टरफलाच्या सरळ दोन वाट्या व्हायच्या आन् गोडंबी अख्खी भाईर. दुसरं कुनी फोडायला गेलं तर त्याचा नुसता चुरा. म्हनून समदं रान गोडंबीसाठी हिच्याच दारात.

आता गोडंबी खानारे खाऊन जातात, टरफलं मागं राहतात. त्या टरफलांचा त्या रानात कायदा व्हता. पूर्वी कुना शान्यानं टरफलं पेटवून दिली व्हती, आन् त्या धुरानं निम्म्या रानाचे डोळे सुजून बंद झाले व्हते. माकडं एकमेकांना धडकून झाडावरनं पडत व्हती. तवा रानगव्यानं समद्यांना बसवून कायदा केला. रानगवा म्हंजे त्या रानातला सगळ्यात वजनाचा, अंगानं बी आन् शब्दानं बी. त्याला समदे आबा म्हनत.

कायदा असा की जो फोडंल त्यानं टरफलं येगळी ठिवायची, पालापाचोळ्यात मिसळायची न्हाईत. टोपलीच्या तोंडावर करवंदीची काटेरी फांदी बांधायची, म्हंजे आंधळ्याला बी कळावं की आत इख हाय. एका पुनवेपासनं दुसऱ्या पुनवेपतुर साठवता येतील, त्याच्यावर न्हाई. न्यायचं काम रानडुकराचं, कारन त्याच्या अंगावर बोटभर चिखल. आन् टाकायची ती वरच्या कातळावर, पान्यापासनं लांब, साळिंदराच्या खड्ड्यात. त्या खड्ड्याचा तळ साळिंदरानं चिकनमातीनं असा चोपला व्हता की थेंब खाली मुरायचा न्हाई.

बरं, नुसतं पाठवून भागायचं न्हाई. टोपल्यांबरोबर पळसाचं एक पान द्यायचं. जितक्या टोपल्या तितके चावे पानाच्या एका कडंला. साळिंदर टोपल्या मोजनार, खड्ड्यात ओतनार, मंग पानाच्या दुसऱ्या कडंला आपले चावे घेनार आन् पान मागारी धाडनार. पान आलं की फोडनारा मोकळा. न्हाई आलं तर टरफलं त्याचीच, मंग ती डोंगरापल्याड का असंनात.

शेकरूनं हा कायदा लई वर्सं पाळला. पन त्या वर्षी झालं असं की वानरांच्या टोळीत लगीन निघालं.

वानरांचा म्होरक्या सकाळीच हजर. "ताई, गोडंबी लागंल. भरपूर लागंल. नवरीकडचे खादाड हायत."

"तुमच्याकडचे काय उपाशी मरतात व्हय," शेकरू म्हनाली. "कवा पायजे?"

"पुनवेला."

शेकरूनं मागं वळून बघितलं. ढोलीत चार टोपल्या टरफलं पडली व्हती. चार टोपल्या भरल्या की त्या गेल्याबिगर नव्या बिब्ब्याला हात लावायचा न्हाई, हा बी कायदाच. रानडुकराला निरोप धाडला, तर तो म्हनला, "मी आठ दिसांनी येतो. डुकरीन बाळंत झालीया. बारा झालीत, मोजता मोजता दमलो." आन् रानडुक्कर आला असता तरी वर साळिंदर बसलेलाच. साळिंदर म्हंजे समद्यांचा मामा, पन कुनाचा लाडका न्हाई. पान फाटलंय म्हनून परत धाडनार, टोपली वली हाय म्हनून परत धाडनार, मोजता मोजता कुनी खोकलं तर पहिल्यापासनं मोजनार.

शेकरू असा इचार करत बसली व्हती तेवढ्यात कोल्हा आला. कोल्हा कुठं काम निघंल तिथं वासानं पोचतो, आन् काम करायची येळ आली की त्याच वासानं परत जातो.

"काय ताई, तोंड एवढंसं केलंय."

"टोपल्या हायत चार. वर टाकायच्यात."

"मी टाकतो की. चार टोपल्या म्हंजे काय. पोरांना मूठभर गोडंबी दे, झालं." मंग त्यानं नाक पुढं केलं. "आत हाय काय?"

आता बघा, हितं ती खरं बोलली असती तर ही गोष्ट हितंच संपली असती, आन् तुमी खेळायला गेला असता. पन शेकरूच्या डोक्यात वानरांचं लगीन. बिब्ब्याची टरफलं म्हनलं तर कोल्हा शेपूट घालून पळनार. कुनाच्या तरी गळ्यात टोपल्या घालायच्या म्हनून तिनं करवंदीच्या फांद्या मघाशीच सोडून ठिवल्या व्हत्या. टोपल्यांवर जांभळीचा पाला पसरला व्हता, हिरवागार, छान.

"पालापाचोळा हाय," ती म्हनाली. "साफसफाई काढली व्हती."

"मंग कातळावर कशाला न्यायचा पाला?"

"तू नेनार हायस का इचारनार हायस?"

कोल्हा हसला. टोपलीची कडी त्यानं दातात धरली आन् निघाला. पळसाचं पान तिनं दिलं न्हाई, त्यानं मागितलं न्हाई. संध्याकाळपतुर चारी टोपल्या गेल्या. शेकरूनं ढोली झाडली, पंजांना राख चोळली आन् नव्या बिब्ब्यावर घाव घातला. मन तिचं जरा कुरकुरलं. ती मनाला म्हनाली, "दिली की मी. आता ती माझी न्हाईत, त्याची हायत."

मन गप बसलं. मनाला गप बसवायला काय लागतं, वानराचं एक लगीन लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भेकरी तिच्या झाडाखाली यिऊन उभी राहिली. भेकरी म्हंजे ल्हान चनीचं हरीन, कुत्र्यासारखं भुंकतं, पन स्वभावानं गरीब. तिला पहिलंवहिलं एक पाडस व्हतं, पंधरा दिसांचं.

"शेकरूताई, जरा मऊ गोडंबी असंल तर दे. पाडस दूध पीत न्हाई. व्हट सुजलेत त्याचे. दूध वढायला गेलं की रडतं. चावून चावून त्याच्या तोंडात घालीन म्हनते."

"कशानं सुजलेत?" शेकरूनं इचारलं.

"कुनाला ठाऊक. काल खालच्या पानवठ्यावर नेलं व्हतं, तिथं पहिल्यांदाच पान्याला तोंड लावलं त्यानं. म्हनलं, दूध पितंय तरी पान्याची वळख असावी. परत आल्यापासनं असं. फोडच फोड आलेत. अस्वलबुवा म्हनतात तोंड आलंय, मध चोळा. मी मध चोळला तर मुंग्या आल्या."

शेकरूच्या हातातला बिब्बा तसाच राहिला. फोड. पान्याला तोंड लावल्यावर फोड. तिला लगीच कळलं, कोल्ह्यानं टोपल्या पान्याकाठीच वतल्यात. रानात दुसऱ्या कुनाला कळनार नव्हतं, कारन तिथं बिब्बा हाय हे दुसऱ्या कुनाला ठाऊकच नव्हतं. काटेरी फांदी तिनंच तर काढली व्हती. आन् बिब्बा उतल्यावर चिंचेचा पाला वाटून लावला की दोन दिसांत उतरतं, हे तिला तिच्या आयनं शिकवलेलं. धंदाच तिचा, तिला न्हाई तर कुनाला ठाऊक असनार.

पन "चिंचेचा पाला लाव" म्हनलं की भेकरी इचारनार, का? मंग बिब्ब्याचं नाव निघनार. मंग टरफलं. मंग आबा. मंग कायदा मोडला म्हनून बिब्ब्याची झाडं तिच्या हातनं जानार.

तिनं ओंजळभर गोडंबी खाली टाकली. मऊ मऊ, निवडून टाकली. "घे. बरं व्हईल," ती म्हनाली.

"तुझं भलं व्हवो," भेकरी म्हनाली आन् गेली.

दुपारला कोल्हा आला. आला तो पाठीमागच्या बाजूनं, झाडाच्या आडनं. त्याचं तोंड बघून शेकरू फांदीवर दोन हात मागं सरकली. थोबाड असं सुजलं व्हतं की कोल्हा हाय का डुक्कर हाय, लांबनं कळू नये. एक डोळा बंद.

"ताई," तो म्हनला, आन् त्याला 'ताई' म्हनता येईना, 'थाई' येत व्हतं. "त्या टोपलीत काय व्हतं?"

"पाला."

"कसला पाला?"

"जांभळीचा."

"मी जन्मात किती वेळा जांभळीखाली झोपलोय," कोल्हा म्हनला. "जांभळीनं माझं असं कवा केलं न्हाई."

शेकरूनं तोंड फिरवलं. कोल्हा एका डोळ्यानं तिच्याकडं बघून निघून गेला. ती राहिली बसून. त्या दुपारी तिनं एक बी बिब्बा फोडला न्हाई, आन् तसं भेकरीला जाऊन सांगायला बी तिला कुनी अडवलं नव्हतं. तो सगळा दिस गेला. पुढचा बी अर्धा गेला.

चौथ्या दिवशी उन्हं चढल्यावर आबानं बैठक बोलावली. खालच्या पानवठ्यावर काळा तवंग दिसला व्हता, दोन ससे आन् एक मोर तोंड सुजवून बसले व्हते. समदे वडाखाली जमले. भेकरी पाडसाला घिऊन आली. पाडस आता रडत बी नव्हतं. मान जमिनीला टेकवून पडलं व्हतं, आन् त्याची आय त्याच्या तोंडावरच्या मुंग्या जिभेनं काढत व्हती.

साळिंदर वरनं उतरला व्हता. त्यानं पळसाच्या मोठ्या पानात गुंडाळून काहीतरी आनलं व्हतं. काटक्यांच्या चिमट्यानं धरून त्यानं ते समद्यांसमोर ठिवलं. टरफलं. सरळ चिरलेली, वाटीला वाटी.

"पानवठ्याच्या वरच्या खळग्यात हायत," साळिंदर म्हनला. "ढीगभर. वरनं झरा जातो, तेल खाली उतरतंय. माझ्याकडं गेल्या पुनवेपासनं एक बी टोपली आलेली न्हाई. एक बी पान आलेलं न्हाई."

समद्यांनी शेकरूकडं बघितलं. रानात असं सरळ कोन फोडतं, ते इचारायची गरज नव्हती.

"ही तुझी?" आबानं इचारलं.

"व्हती, आबा," शेकरू म्हनाली. "मी दिऊन टाकली. दिलेली वस्तू माझी कशी?"

"कुनाला दिलीस?"

मागनं कोल्हा पुढं आला. पळून जाईल असं समद्यांना वाटलं व्हतं, पन तोंड एवढं दुखत व्हतं की त्याला पळन्यापेक्षा औशीद पायजे व्हतं. "मला दिली. पाला म्हनून दिली."

"वर पालाच व्हता," शेकरू म्हनाली.

वानरांचा म्होरक्या हसला. आबानं त्याच्याकडं बघितल्यावर त्याला झाडाची साल लई बघन्यासारखी वाटायला लागली.

"शेकरू," आबा म्हनला, "गोडंबी दिलीस तर ती तुझी राहत न्हाई. घेनारा खुशीनं घेतो, खातो, संपली. इखाचं तसं नसतं. ते कुनी खुशीनं घेत न्हाई. म्हनून ते तुझ्या हातनं सुटलं तरी तुझ्या नावावरनं सुटत न्हाई, खड्ड्यात जाईस्तोवर. मला एक सांग. फोडताना पंजांना काय चोळतीस?"

"राख."

"कशापायी?"

शेकरूनं पंजे शेपटीखाली घेतले.

"म्हंजे तुला ठाऊक व्हतं ते काय करतं. ह्याला राख दिलीस?"

"न्हाई."

"फांदी ठिवलीस?"

"न्हाई."

"पान?"

तिनं मान हलवली. आबानं कोल्ह्याकडं तोंड वळवलं. कोल्ह्याला जरा बरं वाटायला लागलं व्हतं, ते लगीच उतरलं.

"आन् तू. कातळावर का गेला न्हाईस?"

"आबा, तोंड जळायला लागलं माझं. मधेच. काय करू, टाकली तिथंच."

"पहिली टोपली?"

"व्हय."

"म्हंजे पहिल्या टोपलीलाच तुझं तोंड जळलं. मंग दुसरी, तिसरी आन् चौथी तिथंच का नेलीस?"

कोल्ह्यानं शेपूट पायात घातलं. पोरांची गोडंबी त्याच्या डोळ्यांपुढं आली असंल. खोटं बोलायला बी तोंड लागतं, ते सुजलेलं.

तेवढ्यात अस्वल बोललं. अस्वल म्हंजे रानाचा वैद, जरा विसराळू पन मनानं सरळ. "आबा, भांडन नंतर करा. हे बिब्ब्याचं हाय, हे मला आत्ता कळतंय. मी दोन दिस मध चोळतोय. बिब्ब्याला मी काय लावायचं?"

समदं रान शेकरूकडं वळलं. आता तिच्याकडं दुसरं काय राहिलंच नव्हतं.

"चिंचेचा पाला," ती म्हनाली. "वाटून. जाड थर द्यायचा, वाळला की नवा."

वानरं अशी पळाली की चिंच गाठून परत यायला त्यांना आवंढा गिळन्याएवढा येळ लागला. अस्वलानं दगडावर पाला वाटला. पाडसाच्या व्हटांवर लावला, कोल्ह्याच्या थोबाडावर बी थापला, सशांना आन् मोराला बी लावला. पाडस पडूनच व्हतं. समदे बसून राहिले. कुनी घरी गेलं न्हाई. उन्हं कलली तवा पाडसानं जीभ भाईर काढली, पाला चाटला, तोंड वाकडं केलं, आन् मान उचलून आयच्या पोटाखाली शिरलं. पहिल्यांदा जमलं न्हाई. दुसऱ्यांदा दूध एका कडंनं सांडलं. तिसऱ्यांदा घोट गेला. आवाज आला तेवढा. समद्यांनी ऐकला.

मंग आबानं निकाल दिला. बिब्ब्याची झाडं त्यानं काढून घेतली न्हाईत. "गोडंबी रानाला पायजे," तो म्हनला, "पन खळगा आधी व्हता तसा व्हईस्तोवर बिब्ब्यावर घाव पडायचा न्हाई. टरफलं शेकरूनं वेचायची. टोपल्या कोल्ह्यानं वाहायच्या. आन् पानवठा बंद हाय तवर समद्यांना खळग्याच्या बी वरल्या झऱ्याची वाट ह्या दोघांनीच दाखवायची. कोन तहानेला आला, न् कुनामुळं एवढा डोंगर चढला, ते त्यांना बी दिसू दे."

वानरांचं लगीन बोरांवर झालं. नवरीकडचे अजून नावं ठिवतात.

शेकरू राख चोळून खळग्यात उतरली. पन पान्यात राख किती टिकनार. पहिल्याच दिवशी धुवून गेली, आन् पंजे उतले. रातभर ती पंजे पाल्यात बुडवून बसायची, दिस उगवला की परत खाली. कोल्ह्याच्या दातांखाली ह्या वेळी साळिंदरानं दिलेलं जाड सालीचं वेष्टन व्हतं, आन् टोपलीवर करवंदीची फांदी. तो वर न्यायचा, साळिंदर मोजायचा, कोल्हा खाली यायचा.

कामाच्या पाचव्या दिवशी साळिंदरानं टोपली परत धाडली.

"का?" शेकरूनं कोल्ह्याला इचारलं.

"मामा म्हनतो, चार टोपल्या गेल्या व्हत्या, साडेतीनच भरल्या. उरलेली कुठायत?"

"चिखलात रुतली असतील."

"मी बी तेच म्हनलो. मामा म्हनतो, मंग चिखल आन."

"चिखल?"

"ज्याला इख लागलं ते बी इखच, असं म्हनतो. काटे फुलवून म्हनतो, म्हनून मी काय जास्त बोललो न्हाई."

मंग दोघांनी खळग्याचा काळा चिखल खरवडला. चार टोपल्या टरफलांसाठी अकरा टोपल्या चिखल वर गेला. आठ दिसांत उरकलं असतं ते काम अर्ध्या म्हैन्यावर गेलं. एवढ्यात रानडुक्कर बारा पिलांचा बाप व्हऊन सवडीनं यिऊन गेला, बघितलं, आन् म्हनला, "मी आठच दिस मागितले व्हते." शेकरू चिखल खरवडत राहिली. तुमी असता तर तुमी उत्तर दिलं असतं. तुमाला अक्कल कमी.

शेवटाला साळिंदर सोता खाली आला. पान्यावर त्यानं वाळलं पान सोडलं, काळं व्हतंय का बघितलं, तीन वेळा बघितलं. मंग कडंला बसून त्यानं पळसाच्या पानावर सावकाश चावे घेतले. पान शेकरूच्या सुजलेल्या पंज्यात दिलं. आबानं मान डोलावली. पानवठा उघडला. हिशेबानं बघाल तर गोष्ट हितं मिटली.

दुसऱ्या दिवशी समदे पान्यावर आले. भेकरी बी आली, पाडसाला घिऊन. पाडस बरं झालं व्हतं, उड्या मारत व्हतं, पन वरच्या व्हटाची एक कड जरा मागं वढलेली राहिली व्हती. पानी पिताना त्या कडंनं ठिबकायचं. ते त्याचं त्याला कळत नव्हतं.

शेकरू पान्याकाठच्या झाडावर, वरच्या फांदीवर व्हती. भेकरीनं मान वर केली.

"शेकरूताई, एक इचारू?"

"इचार."

"त्या दिवशी मी तुझ्या झाडाखाली आले व्हते. व्हट सुजलेत म्हनून गोडंबी मागायला. तवा तुला ठाऊक व्हतं का गं, ते कशानं हाय?"

पान्यावरचे समदे प्यायचे थांबले. हे कुनी इचारलंच नव्हतं. बैठकीत टरफलांचं इचारलं, फांदीचं, पानाचं, राखेचं इचारलं. ह्याचं न्हाई. आन् शेकरू न्हाई म्हनली असती तर तिला खोटं पाडनारं त्या रानात कुनी नव्हतं. मनातलं कुठं पान्यावर तरंगतं.

ती फांदीवरनं खाली उतरली. शेकरू अशी जमिनीवर कवा उतरत न्हाई, तिला जमिनीची भीती असते. उतरून भेकरीच्या समोर बसली, सरळ, शेपूट खाली टाकून.

"ठाऊक व्हतं," ती म्हनाली.

भेकरीनं तिच्याकडं बघितलं. मंग तिनं पाडसाला नाकानं ढकलून पान्याकडं नेलं, आन् शेकरू बसली व्हती तिथंच, तिच्या शेजारी, आय आन् पाडस दोघं पानी प्यायली.

तात्पर्य : इख ज्याच्या धंद्यातनं निघालं, ते नीट मातीआड जाईस्तोवर त्याचंच, टोपली दुसऱ्याच्या दातात दिली म्हनून आपलं तोंड मोकळं व्हत न्हाई, उलट आत काय हाय ते आधी आपनच सांगायचं असतं.